सहा बोटांचा दोरा

हिर्डोशी
मंगळवार, २९ जुलै २०२५

शेफाले,

पत्र बघून हसू नकोस. तुझ्या बापाने आयुष्यात याआधी एकच पत्र लिहिलंय, ते तुझ्या आईला, लग्न ठरल्यावर. त्यातही भाताच्या बियाण्याचीच माहिती जास्त होती, असं ती अजून ऐकवते.

फोन करायचा तर घरात रेंज नाही, वरच्या टेपाडावर जावं लागतं. परवा गेलो. आईने फोन तुझ्या कानाला लावला, मी 'शेफाली' म्हणालो आणि पुढे माझाच आवाज फुटेना. तुझ्या गळ्यात नळी, माझ्या गळ्यात काही नसून बोलता येईना. असला फोन काय कामाचा. म्हणून कुमारमामाला विचारलं. त्याचा दुधाचा टेम्पो रोज भोरहून पुण्याला जातो. माझं पत्र एसटीने भोरला, तिथून मामाच्या टेम्पोत, आणि मामा ते दवाखान्यात आईच्या हातात देणार. ती तुला वाचून दाखवेल. तिला माझं अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाचू दे.

बातमी अशी, की तुझ्या म्हशीला रेडी झाली. कपाळावर पांढरा टिळा आहे. नाव तू ठेवायचं, तोवर आम्ही तिला नुसतं 'ए' म्हणतो. भाताची आवणी उरकली, रोपं सगळी लागली. आशाताई अश्विनी रोज येऊन विहिरीत औषध टाकते आणि पाणी उकळून प्या म्हणून सगळ्यांच्या मागे लागते. जूनअखेरीस वस्तीतल्या निम्म्या पोरांना जुलाब झाले होते, तुलाही झाले होते. दोन दिवसांत सगळी बरी झालात म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. आता तिने विहिरीवर पत्र्याचं झाकणसुद्धा बसवून घेतलंय.

मी भोरला आणि पुण्याला दोन्हीकडे नीट सांगितलंय, की त्या मंगळवारी, १५ जुलैला, सकाळी उठताना तुझे पाय गेले. त्यामुळे डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे. तू फक्त बरी हो.

तुझा आप्पा

पुणे
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

अहो,

हे शेफालीचं पत्र आहे, लिहिते मी. इथे अक्षरांचा तक्ता दिलाय. मी त्यावरून बोट फिरवते, हवं ते अक्षर आलं की ती डोळे मिटते. आठ शब्दांना सकाळ जाते. मानेखाली अजून काही हलत नाही, श्वास मशीनवर आहे. पण डॉक्टर म्हणतात, या आजारात बहुतेक मुलं परत उभी राहतात, वेळ लागतो. किती, ते सांगत नाहीत.

पोटात जे जंतू गेले, त्यांच्यावर अंगाने आपली फौज सोडली. जंतू मेले, आणि फौज उलटून नसांवर पडली. डुकरांवर सोडलेली कुत्री आपल्याच वासराला फाडतात तसं, असं मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, बरोबर समजलात. पाच दिवस जी इंजेक्शनं दिली ती त्या कुत्र्यांना आवरायला होती. वस्तीत सांगा, पोलिओ नाही, तपासून झालं. एकाचं दुसऱ्याला लागतही नाही.

आता तिचं. तिने डोळ्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते.

'रेडीचं नाव टिकली. आईला अक्षर लागतं. आप्पा कधी येणार.'

तुम्ही एकदाच आलात. आवणी उरकली म्हणताय, तर या की.

सुलक्षणा

हिर्डोशी
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

शेफाले,

टिकलीला नाव सांगितलं, तिला पसंत आहे. दूध पिताना ढुशा इतक्या मारते की म्हैस वळून माझ्याकडे बघते, जसं काही मीच शिकवलंय.

यायचं मनात आहे, पण भातातलं तण काढायची बेणणी चालू आहे आणि म्हैस कुणावर टाकायची हा प्रश्न आहे.

तू घरी येशील त्याची तयारी मात्र मी सुरू केली. रस्त्यापासून घरापर्यंतची चढण तुला ठाऊकच आहे. पावसात बकरीसुद्धा विचार करून चढते. म्हणून मी नवी डोली करतोय. मागच्या वेळी आम्ही घोंगडी बांबूला बांधून तुला खाली नेलं, त्यात तुझी पाठ दुमडली होती. आता खुर्ची बांधतोय, चौघांनी उचलायची. रामभाऊ म्हणतात, पुढचा खांदा माझा. सत्तर वर्षांचा माणूस, खांदा देतो म्हणतो. तू राणीसारखी बसून वर यायचं.

तुझा आप्पा

पुणे
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

आप्पा,

गुरुवारी गळ्यातली नळी काढली. आवाज टिकलीसारखा येतो, पण येतो. मी बोलते आणि आई लिहिते, म्हणजे आता तक्ता बंद. हाताचे कोपर वाकतात. बोटं अजून माझं ऐकत नाहीत. उशा लावून बसते. मशीन काढून पंधरा दिवस झाले.

डोली मोडून टाका. खुर्चीची लाकडं चुलीत घाला. मी खाली डोलीतून गेले, वर चालत येणार. चौघांच्या खांद्यावरून मी घरात शिरणार नाही, रामभाऊआज्याला सांगा. तुम्हाला काही करायचंच असेल तर त्या चढणीला पायऱ्या करा.

व्यायामाच्या मॅडम पाय किती उचलला ते सेंटीमीटरमध्ये लिहितात. तुम्हाला सेंटीमीटर कळत नाहीत, वीत आणि बोटं कळतात. म्हणून जमिनीपासून तळव्यापर्यंत दोरा धरून आईने कापलाय. तो सोबत आहे. तुमची सहा बोटं भरतील. एवढी पायरी मला चालेल. याहून उंच नको.

या महिन्यात याल का?

शेफाली

हिर्डोशी
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

शेफाले,

दोरा मिळाला. मी तो टेबलावर सरळ केला आणि बोटं ठेवली. बरोबर सहा. दोन महिन्यांपूर्वी जिच्या पापण्या तेवढ्या हलत होत्या, तिने सहा बोटं पाय उचलला. मी दोरा खिशात घालून वस्तीभर फिरलो. रामभाऊंनी स्वतःच्या बोटांवर मोजून बघितला, कारण माझ्या बोटांवर त्यांचा विश्वास नाही.

डोली मोडली. खुर्ची मात्र चुलीत घातली नाही, तिच्यावर बसून हे लिहितोय. चांगली झालीय.

खालून सुरुवात केली. पहारीने माती काढायची, ओढ्यातला सपाट दगड आणायचा, बसवायचा, दोरा लावून बघायचा. तीन पायऱ्या झाल्या. तिन्ही सहा बोटं, ना कमी ना जास्त. असंच करत गेलं तर साठेक लागतील. एकट्याने शिमगा उजाडेल, उजाडू दे.

तुझा आप्पा

विंझर
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

आप्पा

हे माझं अक्षर. पेन पट्टीने बोटांना बांधलंय. हसू नका.

दवाखान्यातून सोडलं. आम्ही मामाकडे आहोत. मामाचं घर रस्त्याला आहे म्हणून. मॅडमकडे आठवड्याला जायचं.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. कापणी आहे असं सांगितलंत. मामाचीपण कापणी आहे. तो सकाळ संध्याकाळ मला उभं करतो.

हात दुखला. पुरे.

शेफाली

विंझर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

अहो,

हे पत्र शेफालीला ठाऊक नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी तुमच्यावर कधी आवाज चढवला नाही. आज कागदावर चढवते.

पोरगी चार महिने बापाचं तोंड बघायला तरसते आणि तुम्ही दगड बसवताय. बेणणी झाली, कापणी झाली, आता झोडणी सांगाल. म्हशीला शेजारी एक दिवस बघणार नाहीत का? तुम्ही घाबरट नाही हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी डोलीचा पुढचा बांबू तुमच्याच खांद्यावर होता, आणि भोरपर्यंत तिचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. मग आता काय झालं?

अजून एक. मंगळवारी दवाखान्यात नव्या डॉक्टरबाईंनी सगळं पहिल्यापासून विचारलं. पाय कधी गेले? मी म्हणाले, जुलैत, एका मंगळवारी सकाळी. शेफालीने तोंड भिंतीकडे केलं. बाईंनी तिला परत विचारलं, तर म्हणाली, 'आप्पांनी सांगितलंय तेच.'  मी त्याआधीच्या रविवारी इथे माहेरी होते, सोमवारी रात्रीच्या गाडीने परत आले. मी नसताना तिकडे काय झालं?

सुलक्षणा

हिर्डोशी
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

शेफाले,

हे पत्र आईने ऐकावं. तू मोठ्याने वाचून दाखव, मी सांगतो म्हणून.

रविवारी, १३ जुलैला, आपल्या खालच्या खाचरात आवणीची इर्जिक होती. अख्खी वस्ती आपल्या कामाला आली होती, दुसऱ्या दिवशी आपण त्यांच्या कामाला जाणार होतो. ओळ धरून सगळे रोपं लावत होते. ओळ सरकली, तू तिथेच राहिलीस. परकर चिखलात, हातात रोपांची मूठ. तू मला म्हणालीस, 'आप्पा, पाय उचलत न्हाईत.'

मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. आज लिहितोच. 'चिखलात सगळ्यांचंच पाय जड व्हत्यात. लोकांदेखत नखरं करू नगंस.' लोक हसले. मीही हसलो. तीन दिवस चिखलात उभं राहिलं की कुणाचेही पाय लाकूड होतात, माझेही झाले होते, हे खरं आहे. पण मी तुझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं, की तू पाय ओढतही नव्हतीस. तू हातांनी मांडी धरून पाय चिखलातून उपसत होतीस.

सोमवारी सकाळी तू ओट्याची पायरी चढताना परत बोललीस. मी म्हणालो, झोप, बरं वाटेल, आणि रामभाऊंच्या आवणीला गेलो. मंगळवारी तू उठलीच नाहीस. अश्विनी धावत आली, तुला उकिडवं बसवून उठायला लावलं, गुडघ्यावर टिचकी मारून बघितली आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता भोर. भोरच्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून. वस्तीतली चार माणसं मागे उभी होती. माझ्या तोंडून मंगळवार गेलं. पुण्यात परत विचारलं, तिथे तर कुणीच उभं नव्हतं, तरी मंगळवारच गेलं. तू बाजूला पडून ऐकत होतीस. तुला बोलता येत नव्हतं, नजर तेवढी माझ्यावर होती. म्हणून मी परत आलो नाही. बेणणी आणि कापणी ही कारणं होती. मला त्या नजरेसमोर उभं राहायचं नव्हतं.

काल मी इर्जिक बोलावली. शेताची नाही, तुझ्या पायऱ्यांची. रस्त्याची इर्जिक कधी असते का म्हणून आधी सगळे बघत राहिले, पण आवणीला आलेलं एकूणएक माणूस आलं. पहार हातात घ्यायच्या आधी मी उभं राहून सांगितलं, की पोरगी पडली मंगळवारी, पण बोलली रविवारी, आणि तुमच्या देखत मी तिला गप्प केलं.  मग पारूबाई म्हणाली, 'हसलो तर आमीबी व्हतो, गोरख.' आणि तिनेच पहिला दगड उचलला. दिवस मावळेपर्यंत बासष्ट पायऱ्या झाल्या. सगळ्या तुझ्या दोऱ्याच्या मापाने.

डॉक्टरांना खरं सांग. त्या दोन दिवसांनी तुझं काय नुकसान झालं तेही विचार आणि मला लिही. लपवू नकोस.

आप्पा

विंझर
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

आप्पा,

आता पट्टी न बांधता लिहिते. चार दिवस लागले या पत्राला, म्हणून तारीख शेवटच्या दिवसाची आहे.

मोठ्याने वाचलं. आई मध्येच उठून अंगणात गेली. परत आली आणि म्हणाली, पुढे वाच.

डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी फाईलमध्ये मंगळवार खोडून रविवार लिहिलं. त्या म्हणाल्या, इंजेक्शनं पहिल्या दोन आठवड्यांत मिळावी लागतात आणि मला ती वेळेत मिळाली, त्यामुळे दोन दिवसांनी फार फरक पडला असं वाटत नाही. पण कधी कधी दोन दिवसांत श्वास जातो. पोर पाय उचलत नाही म्हणाली की त्याच दिवशी आणायची, हे वस्तीत सांगा असं त्या म्हणाल्या. मी लपवलं नाही, जसं बोलल्या तसं लिहिलं.

मला तुमचा राग होता. मशीनवर असताना दिवसभर छताकडे बघायचं आणि तुमचं ते वाक्य ऐकायचं, दुसरं कामच नव्हतं. मी ठरवलं होतं की बोलता यायला लागलं की पहिलं हेच बोलायचं. मग आवाज आला आणि मी पायऱ्या करा म्हणाले. कसं काय ते मला माहीत नाही. आईला मी सांगितलं नाही, कारण ते तुम्ही सांगायचं होतं.

आता माझं. तो दोरा खोटा आहे. सप्टेंबरात माझा पाय एक केसभरही उचलत नव्हता. मॅडम माझा पाय हातात धरून व्यायाम देत होत्या. त्यांनी वर नेला तिथपर्यंत मी आईला दोरा धरायला लावला. ती नको म्हणत होती, मी जेवणार नाही म्हणाले. मला वाटलं, पाय हलतोय असं कळलं तर तुम्ही बघायला याल. तुम्ही आलाच नाहीत, उलट बासष्ट पायऱ्या बांधल्यात.

खरा दोरा सोबत आहे. दोन बोटं. तोसुद्धा भिंत धरून.

येत्या रविवारी या. नाही आलात तर मी पुढचं पत्र लिहिणार नाही.

शेफाली

हिर्डोशी
रविवार, २१ डिसेंबर २०२५

शेफाले,

आलो तेव्हा आपण दोघं काही बोललो नाही, म्हणून कागदावर आलो. तू भिंत धरून सहा पावलं टाकलीस आणि वळून बघितलंस, मी बघतोय की नाही ते. मी बघत होतो. आता बघतच राहणार आहे, तुला कंटाळा येईपर्यंत.

दोन्ही दोरे रामभाऊंना दाखवले. ते म्हणाले, मग प्रत्येक पायरीच्या मध्ये अर्धा दगड टाकू, त्यात काय एवढं. दोन आठवडे तेच चाललंय. कडेने बांबूचा कठडा केला, तुझ्या कमरेच्या उंचीचा. आता खालच्या तीन पायऱ्या राहिल्यात, मी पहिल्यांदा एकट्याने केल्या होत्या त्या.

आप्पा

विंझर
रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

आप्पा,

पुढच्या रविवारी, २२ तारखेला, भोरहून सकाळच्या एसटीने येतोय. मामाचा टेम्पो भोरपर्यंतच. मॅडमची परवानगी आहे. पायाला पट्ट्या आहेत, हातात काठी आहे.

खालच्या तीन पायऱ्यांना अर्धा दगड टाकू नका, टाकला असेल तर काढा. त्या माझ्या खोट्या दोऱ्याच्या आहेत. त्या मी पुऱ्या चढणार. रोज मामाच्या ओट्यावर सहा बोटांचीच पायरी चढायचा सराव करतेय, दोन महिने झाले.

तुम्ही वर उभं राहायचं. खाली यायचं नाही. कुणी हात लावायचा नाही.

शेफाली

हिर्डोशी
सोमवार, २३ फेब्रुवारी २०२६

शेफाले,

हे पत्र टपालात जाणार नाही. तू आत झोपलीयस, मी ओट्यावर बसून लिहितोय आणि तुझ्या दप्तरात ठेवणार आहे. तोंडाने मला ते सांगता येत नाही, आणि पत्रांची आता सवय झाली.

तू सांगितलंस तसा मी वर उभा राहिलो. वस्ती कठड्याच्या बाहेरून चढणभर उभी होती. कुणी हात लावू नये म्हणून पारूबाईने सगळ्यांना दम दिला होता. एसटी थांबली. ड्रायव्हरने गाडी बंद केली आणि तोही उतरून बघत राहिला.

पहिल्या तीन पायऱ्या तू कशा चढलीस ते मी शब्दांत लिहिणार नाही, मला जमणार नाही. काठी, कठडा, डावा पाय, मग उजवा. तिसरीवर उभी राहून तू वर बघितलंस. मला खाली पळत यायचं होतं. रामभाऊंनी माझा सदरा धरून ठेवला होता.

मग अर्ध्या दगडांवरून तू हळूहळू येत राहिलीस. आई दोन पायऱ्या मागे. एकतिसाव्या पायरीवर तू थांबलीस. पाय पुढे टाकायला गेलीस, तो तिथेच. परत गेलीस, परत तिथेच.   तू मान वर केलीस आणि सात महिन्यांपूर्वीचेच शब्द बोललीस, त्याच आवाजात.

'आप्पा, पाय उचलत न्हाईत.'

रामभाऊंनी सदरा सोडला.

तू खाली यायचं नाही म्हणाली होतीस, मी आलो. हात लावायचा नाही म्हणाली होतीस, तो लावला नाही. तुझ्या शेजारी एकतिसाव्या पायरीवर बसलो आणि म्हणालो, 'मग बस.' तू बसलीस. खाली आई बसली. पारूबाई बसली, रामभाऊ गुडघे धरत बसले, अश्विनी बसली, मग चढणीवरचं एकेक माणूस जिथे होतं तिथे बसलं. इर्जिकीत ओळ मोडून कुणी पुढे जात नाही. त्या दिवशी खाचरात आमची ओळ तुला सोडून पुढे गेली होती. काल कुणी गेलं नाही.

किती वेळ बसलो ते कुणी बघितलं नाही. तू टिकलीची चौकशी केलीस, मी तिचे प्रताप सांगितले. एसटी हॉर्न वाजवून निघून गेली. मग तू काठी टेकलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, 'उठा आप्पा, झालं आता.' तू उठलीस, तेव्हा बाकीचे उठले.

आप्पा